आधीच आजारी असलेल्याचे काय?



मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात चार माणसे बोलत उभी राहिली, की हल्ली एक विषय हमखास निघतो : मेडिक्लेम. कुणाचा क्लेम पास झाला, कुणाचा अडकला, कुणाच्या वडिलांना साखर आहे म्हणून कंपनीने तीन वर्षे थांबायला सांगितले, कुणाच्या आईच्या मोतीबिंदूचे पैसे पहिल्या वर्षी मिळालेच नाहीत. शेवटी कुणीतरी चिडून म्हणतो, "ज्याला गरज नाही त्याच्यापुढे कंपनीवाले पायघड्या घालतात, आणि ज्याला खरी गरज आहे त्यालाच दार बंद! हा कुठला न्याय?"

हा प्रश्न वरवर पैशांचा दिसतो, पण तो न्यायाचा आहे. न्यायाचा प्रश्न असल्यामुळे त्याचे उत्तर केवळ एजंटकडे मागून भागणार नाही. विमा कंपन्या काही आजार का वगळतात, त्यात योग्य किती आणि अयोग्य किती, आणि वगळलेल्या माणसाचे पुढे काय, याचा विचार ख्रिस्ती माणसाने शांतपणे करायला हवा.

भिशी आणि विमा

भिशी आपल्या सर्वांना ठाऊक आहे. दर महिन्याला सर्वांनी ठराविक रक्कम टाकायची आणि आळीपाळीने एकेकाने उचलायची. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. विम्यात मात्र आपला नंबर लागूच नये अशी सर्वांची इच्छा असते. आपण पैसे टाकतो आणि ते परत न मिळाले तर देवाचे आभार मानतो, कारण याचा अर्थ आपले घर वर्षभर धडधाकट राहिले. आपले पैसे ज्याच्या घरी आजारपण आले त्याच्याकडे गेले. म्हणजे विम्याच्या मुळाशी एक चांगली गोष्ट आहे : उद्या कुणावर संकट येईल हे कुणालाच माहीत नाही, म्हणून सर्वांनी मिळून आजच तयारी करणे.

'माहीत नाही' हा यातला कळीचा शब्द. एक साधा हिशेब करू. समजा, एका गावात १,००० कुटुंबे आहेत. दरवर्षी त्यांतील २० कुटुंबांवर हॉस्पिटलचा प्रत्येकी १ लाख रुपयांचा खर्च येतो. एकूण खर्च २० लाख. सर्वांनी २,००० रुपये टाकले की काम झाले. २,००० रुपये देणे जड नाही. अचानक १ लाख उभे करताना मात्र घर कर्जात जाते.

आता गावाने नियम बदलला : आजारी पडल्यावर सामील झाले तरी चालेल, पूर्ण पैसे मिळतील. पहिल्या वर्षी ६०० निरोगी कुटुंबे म्हणतील, "मग आतापासून कशाला भरायचे? गरज पडली की बघू." उरली ४००. आजारी २० कुटुंबे अर्थातच आत आहेत. खर्च तोच २० लाख, पण वाटा झाला ५,००० रुपये. तो परवडत नाही म्हणून आणखी ३०० बाहेर पडतात. उरलेल्या १०० जणांवर प्रत्येकी २०,००० रुपये. असे होत होत शेवटी आत फक्त २० आजारी कुटुंबे राहतात आणि प्रत्येकाचा हप्ता होतो १ लाख रुपये. म्हणजे ज्याचे ओझे होते ते पुन्हा त्याच्याच डोक्यावर! आजाऱ्यांसाठी दार सताड उघडे ठेवले आणि त्या उघड्या दारातूनच निरोगी माणसे निघून गेली.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात हे कोडे उलगडून दाखवले. त्यात त्यांनी वृद्धांना आरोग्य विमा मिळणे इतके कठीण का असते याचेही उदाहरण घेतले होते. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ही गोष्ट कागदावरच राहिली असेही नाही. न्यूयॉर्क राज्याने १९९३ पासून चांगल्या हेतूने नियम केला : आजारी म्हणून कुणाला विमा नाकारायचा नाही, आणि तरुण-म्हातारा, निरोगी-आजारी सर्वांना हप्ता एकच. विमा घ्यायची सक्ती मात्र कुणावर नव्हती. परिणाम वरच्या गावासारखाच झाला. स्वतःच्या खिशातून विमा घेणारी निरोगी माणसे घटत गेली आणि हप्ते देशातल्या सर्वांत महागड्या हप्त्यांत जमा झाले. २०१४ पासून सबंध अमेरिकेत आधीच्या आजारावरून विमा नाकारण्यास बंदी आली, तेव्हा सरकारने जोडीला दोन गोष्टी ठेवल्या : विमा न घेणाऱ्याला दंड आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला हप्त्यासाठी अनुदान. पुढे २०१९ पासून तो दंड शून्यावर आणला गेला, अनुदान राहिले. धडा एवढाच, की आजाऱ्याला आत घ्यायचे तर निरोग्यालाही आत धरून ठेवावे लागते.

आपल्याकडे काय वगळले जाते?

भारतात मेडिक्लेम पॉलिसी १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणली. आज खाजगी कंपन्याही पुष्कळ आहेत आणि सर्वांवर भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाची देखरेख आहे. पॉलिसीच्या कागदातील 'वगळलेल्या गोष्टी' हे पान आपण सहसा वाचत नाही. तेथे तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टी असतात.

पहिला प्रकार थांबायला लावण्याचा. पॉलिसी घेतल्यापासून पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचे पैसे मिळत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गुडघे बदलणे अशा सावकाश वाढणाऱ्या व तारीख ठरवून करता येणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी बहुतेक कंपन्या दोन वर्षे थांबायला लावतात. साखर, बीपी, थायरॉइड असा आधीपासूनचा आजार असेल, तर तो व त्यातून उद्भवणारा त्रास यांसाठी थांबण्याचा काळ याहून मोठा असतो. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत ठेवता येत असे. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला गेला आहे.

दुसरा प्रकार निवडीच्या किंवा नित्याच्या खर्चाचा. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया, चष्म्याचा साधा नंबर घालवणे, अजून सिद्ध न झालेले उपचार, हे सर्वसाधारण पॉलिसीत बसत नाही. डॉक्टरांची रोजची फी आणि गोळ्या-औषधेही बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत.

तिसरा प्रकार सर्वांत कठीण. माणसाला आधीच एखादा गंभीर आजार आहे, आणि कंपनी म्हणते, "बाकी सर्व देऊ, पण या आजाराचे कधीच देणार नाही." २०१९ च्या नियमावलीने याला एक चौकट घातली. कॅन्सर, अपस्मार, हृदयाचे जन्मजात दोष, किडनीचा जुना विकार, पार्किन्सन अशा ठराविक यादीतील आजारच, आणि तेही ग्राहकाच्या संमतीने, कायमचे वगळता येतील असे तिने ठरवले. यामागचा विचार असा, की विमा साफ नाकारला जाण्यापेक्षा निदान इतर आजारांसाठी तरी तो मिळावा.

दोन प्रकारची ओझी

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात संत पौल दोन गोष्टी सांगतो, आणि त्या पहिल्या वाचनात एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. दुसऱ्या वचनात तो म्हणतो की आपण एकमेकांची ओझी वाहावीत. पाचव्या वचनात म्हणतो की प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा. मग खरे काय? मूळ ग्रीक भाषेत तेथे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला माणसाला वाकवणाऱ्या जड ओझ्यासाठी येतो, दुसरा प्रवाशाच्या पाठीवरच्या नेहमीच्या गाठोड्यासाठी.

विम्यातील अपवादांना हीच मोजपट्टी लावून पाहू. चष्म्याचा नंबर, सर्दी-तापाच्या गोळ्या, हौसेने केलेली शस्त्रक्रिया ही आपली गाठोडी आहेत. ती इतरांच्या हप्त्यातून वाहावीत अशी अपेक्षा करणे बरे नव्हे. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या अपवादांना अन्याय म्हणता येत नाही.

पहिल्या प्रकारालाही कारण आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात करायची आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने या महिन्यात पॉलिसी घेऊन पुढच्या महिन्यात क्लेम करावा आणि नंतर हप्ता बंद करावा, हे वीस वर्षे हप्ता भरणाऱ्यावर अन्यायकारक आहे. थांबण्याचा काळ हे अशा उशिरा येणाऱ्यांसाठी बांधलेले कुंपण. ते किती उंच असावे यावर वाद होऊ शकतो, आणि तीन वर्षे हा काळ साठीतल्या माणसाला खरोखरच लांब आहे. पण कुंपणच नको असे म्हणणे म्हणजे वरच्या हिशेबातील गाव उजाड करणे.

तिसरा प्रकार मात्र या मोजपट्टीत बसत नाही. किडनी निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जावे लागते. बाळ हृदयाला छिद्र घेऊन जन्माला येते. या ओझ्याला गाठोडे कोण म्हणेल? हे वाकवणारे ओझे आहे. आणि नेमके तेच विम्याच्या बाहेर राहते, कारण विमा अनिश्चिताची वाटणी करतो आणि हा खर्च निश्चित आहे. कंपनीचे गणित चुकलेले नाही, पण ते गणित या माणसापर्यंत पोहोचत नाही.

पाप कोणाचे?

संत योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. आजाराचा हिशेब कुणाच्या तरी खात्यावर टाकायची माणसाची खोड जुनी आहे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो, आणि बोलून थांबत नाही. तो त्या माणसाला बरे करतो.

कितीतरी वर्षे आपल्याकडच्या पॉलिसींत असेच हिशेब होते. जन्मजात आजार नको, आनुवंशिक आजार नको, मानसिक आजार नको, स्त्रियांच्या रजोनिवृत्तीशी निगडित त्रास नको. यांपैकी कोणत्याही बाबतीत माणूस उशिरा आलेला नव्हता आणि हौस करत नव्हता. मनाच्या आजाराला वगळण्यामागे हिशेबापेक्षा लाज आणि गैरसमज जास्त होते. देवाने दिलेल्या शरीरासाठी माणसाला दंड करणे असाच त्याचा अर्थ होता.

यात बदल झाला आहे आणि त्याची नोंद घेतली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले, की विमा कंपन्यांनी मानसिक आजारावरील उपचारांसाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर सोय केली पाहिजे. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, आकडेवारीचा शास्त्रीय आधार असल्याखेरीज अशा रुग्णाला विमा नाकारण्यास किंवा विम्यात अन्यायाची वागणूक देण्यास मनाई केली. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हृदयाच्या आनुवंशिक विकाराच्या एका प्रकरणात रुग्णाच्या बाजूने निकाल दिला आणि असा सरसकट अपवाद भेदभावाचा आहे असे म्हटले. २०१९ च्या नियमावलीने मानसिक, आनुवंशिक आणि शरीराच्या आतील जन्मजात आजारांना पॉलिसीतून सरसकट वगळण्यास बंदी घातली. पॉलिसी घेतल्यानंतर झालेला आजार वगळता येणार नाही, हेही तिने स्पष्ट केले.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 'हे परवडणार नाही' असे कंपन्या ज्या पुष्कळ गोष्टींबद्दल म्हणत होत्या, त्या आत घेतल्यावर विमा बुडाला नाही. म्हणून प्रत्येक अपवादाला आपण विचारले पाहिजे : तू कुंपण आहेस की भिंत? उशिरा येणाऱ्याला रोखतोस, की दुर्बळाला?

द्राक्षमळ्याचा मालक

संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या कामकऱ्यांचा दाखला आपण दर तीन वर्षांनी रविवारच्या मिस्सात ऐकतो. शेवटच्या तासाला आलेल्या कामकऱ्याला मालक दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी देतो. आधी आलेले कुरकुरतात. त्यांची कुरकुर आपल्याला खोलवर कळते, कारण वीस वर्षे हप्ता भरणाऱ्याची कुरकुर तीच असते.

पण एक बारकावा आपल्या नजरेतून सुटतो. मालकाने शेवटच्याला जे दिले ते स्वतःच्या खिशातून दिले. पहिल्यांच्या मजुरीतून कापून दिले नाही. ज्यांच्याशी जे ठरले होते ते त्यांना पूर्ण मिळाले. न्यायही झाला आणि औदार्यही झाले.

विमा कंपनी द्राक्षमळ्याची मालक नाही. तिच्याकडे जो पैसा आहे तो मुख्यतः इतर कामकऱ्यांची मजुरी आहे. ती फार उदार झाली तर दुसऱ्याच्या पैशाने उदार होईल. संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाचे दोन प्रकार सांगितले : देवाणघेवाणीतील न्याय आणि वाटपातील न्याय. पहिला दोन माणसांत ठरलेले पाळायला सांगतो. दुसरा सबंध समाजाला विचारतो, की सर्वांचे जे आहे ते तुम्ही कसे वाटता? विमा कंपनी पहिला न्याय पाळू शकते, आणि तो तिने काटेकोरपणे पाळलाच पाहिजे. दुसरा न्याय तिच्या एकटीच्या हातात नाही. तेथे मालकाच्या जागी समाज हवा, सरकार हवे.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ साली 'पाचेम इन तेरिस' या परिपत्रकात वैद्यकीय उपचार आणि आजारपणातील सुरक्षितता यांची गणना माणसाच्या हक्कांत केली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झरचेन्स' या परिपत्रकात म्हटले, की कामगारांना वैद्यकीय मदत सहज मिळावी, आणि शक्यतो स्वस्तात किंवा अगदी मोफत मिळावी. हक्क म्हटला की तो आजाराची तारीख पाहून बदलत नाही.

हे जमते का? जमते. जर्मनीत १८८३ साली कामगारांसाठी सक्तीचा आजारपण विमा आला, वर्गणी कामगार आणि मालक दोघांची. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने ईएसआयची योजना उभी राहिली. कारखान्यात काम करणाऱ्या कितीतरी घरांना ती परिचित आहे. तिच्यात पगाराच्या प्रमाणात वर्गणी कापली जाते. "तुला आधी कोणता आजार होता?" हा प्रश्न दारावर विचारला जात नाही. सर्वांनाच आत यावे लागते म्हणून कुणीही उशिरा आलेला ठरत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत हॉस्पिटलचे उपचार मिळतात, आणि आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, तिचा लाभ खुला झाला. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा आणि तिची मर्यादा ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. या योजनांत ठरलेलेच उपचार आणि नोंदलेलीच हॉस्पिटले असतात, खाटा मिळवताना दमछाक होते, हे खरे आहे. पण दिशा योग्य आहे. आजाऱ्याला दारावर थांबवायचे नाही, आणि त्याचा खर्च सर्वांनी उचलायचा.

फॉर्मवरचा 'नाही'

आता थोडे आपल्याकडे वळू. पॉलिसीच्या फॉर्मवर विचारलेले असते : साखर आहे का? बीपी आहे का? पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का? कधीकधी फॉर्म भरून देणाराच हळूच म्हणतो, "लिहू नका, उगीच हप्ता वाढेल." आणि आपण 'नाही' वर खूण करतो. आपले मन स्वतःला समजावते, की एवढी मोठी कंपनी, तिचे काय जाते?

कंपनीचे फारसे जात नाही. जाते ते दुसऱ्या हप्ते भरणाऱ्यांचे. त्यात शेजारची विधवा बाई असेल, रिक्षा चालवून हप्ता भरणारा कुणी असेल. आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मनाई करते, आणि सही केलेला फॉर्म ही साक्षच आहे. शिवाय खोटे बहुधा नको त्या वेळी उघडे पडते. रुग्ण आयसीयूत असताना जुने केसपेपर निघतात, क्लेम फेटाळला जातो, आणि घरचे म्हणतात की कंपनीने फसवले. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हा नियम प्रामाणिक माणसाच्या विसरभोळेपणासाठी आहे. लबाडीला तो आश्रय देत नाही.

त्याहून गंभीर एक गोष्ट घडते. काही जण तपासणीच टाळतात. रिपोर्टात साखर निघाली तर ती 'आधीपासूनचा आजार' होईल, म्हणून पॉलिसी होईपर्यंत रक्त द्यायचे नाही. असे करता करता वर्षे जातात आणि आजार आतल्या आत किडनीपर्यंत, डोळ्यांपर्यंत पोहोचतो. क्लेमच्या काळजीने आरोग्य घालवले, तर विमा कशासाठी घेतला?

सत्याची ही अट कंपनीलाही तितकीच लागू आहे. विमा हा परम विश्वासाचा करार मानला जातो, आणि विश्वास दोन्ही बाजूंनी असतो. बारीक अक्षरांत अपवाद लपवणे, विकताना 'सगळे कव्हर आहे' म्हणणे, साखर आहे एवढ्यावरून तिच्याशी संबंध नसलेला क्लेम अडवणे, ही तितकीच खोटी साक्ष आहे. असे झाले तर गप्प बसू नये. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

दोन दिनार आणि पुढचा खर्च

एवढे सर्व करूनही कुणीतरी उरतोच. ज्याची तीन वर्षे अजून संपायची आहेत, ज्याचा आजार यादीत नाही, ज्याच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च कोणत्याच पॉलिसीत बसत नाही, असा माणूस. त्याच्यासाठी प्रभूने दयाळू शोमरोन्याचा दाखला सांगून ठेवला आहे.

शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, मालकाला दोन दिनार देतो आणि सांगतो की जास्त खर्च झाला तर परत येताना तोही भरीन. या वाक्याकडे नीट लक्ष द्या. त्याने रक्कम ठरवून दिली, पण तिच्यावर मर्यादा घातली नाही. 'तू एकटा त्या रस्त्याने का गेलास', 'ही जखम आधीची आहे का', असे त्याने विचारले नाही. आणि विशेष म्हणजे तो दोन दिनार द्यायला तयार होता, म्हणजे त्याच्या कमरेला ते होते. दयेलाही तरतूद लागते.

वसईच्या ख्रिस्ती समाजाला ही तरतूद नवी नाही. १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथॉलिक बँकेची सुरुवात झाली, ती थोड्याथोड्या पैशातून एकमेकांना उभे करण्यासाठी. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेली सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी आज अनेक धर्मग्रामांत दारोदार जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करते. या वाटेवर आपल्याला पुढे काय करता येईल?

तरुणांनी नोकरी लागताच, अंगात बळ असतानाच पॉलिसी घ्यावी. थांबण्याचा काळ तेव्हा नकळत निघून जातो, आणि आपला हप्ता आज कुणा आजाऱ्याच्या कामी येतो, हेही पुण्यच. आपल्या वाडीतील ७० वर्षांवरील आजी-आजोबांचे आयुष्मान कार्ड निघाले आहे की नाही, हे छोट्या ख्रिस्ती समूहांनी घरोघर विचारावे. आधार कार्डाच्या साह्याने ते काढता येते. म्हाताऱ्या माणसांना मोबाइलचे जमत नाही, नातवंडांना जमते. फॉर्म भरताना शेजारी बसून वाचून दाखवणारा एक शिकलेला माणूस प्रत्येक वाडीत असावा.

आणि धर्मग्रामाने एखादा आरोग्य निधी उभारायचा ठरवले, तर तो कशासाठी असावा याचे उत्तर पॉलिसीच्या त्याच न वाचलेल्या पानावर आहे. जे विम्याने वगळले, त्यासाठी तो असावा : डायलिसिसला जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे, कॅन्सरच्या तपासण्या, मनाच्या आजाराच्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या गोळ्या, आणि ती तीन वर्षे. ज्याला कंपनीने थांबायला सांगितले आहे, त्याने एकट्याने का थांबावे?

अशा निधीलाही मर्यादा असतील. वरचा हिशेब त्यालाही लागू आहे. निरोगी माणसांनी पाठ फिरवली तर तोही आटेल. म्हणून ज्याला आज काहीच गरज नाही, त्याच्याकडूनच त्याची सुरुवात व्हायला हवी.

विमा कंपनीने काय द्यायचे हे करारात लिहिलेले आहे, ते तिच्याकडून हक्काने घ्यावे. सरकारने काय द्यायचे तेही हक्काने मागावे. करार जिथे संपतो तिथे जो माणूस उभा आहे, तो आपला शेजारी आहे, आणि बहुधा त्याचे घर आपल्याच वाडीत आहे. या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन यावे. आजारी माणसांवर हात ठेवून त्यांना उठवणारा प्रभू आपल्या हातांनाही ते बळ देवो.